वायर न लागणारं कार्ड घ्या, बाई

पत्र:

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. ३४ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. राजवाड्याजवळचा आमचा माहेरचा वाडा रस्ता रुंदीकरणात पुढून कापला गेला आणि उरलेला भावांनी विकला. तो मी आठवणीतून आणि जुन्या फोटोंवरून ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये परत उभा करते आहे. ओसरी, चौक, देवघर झालं, माडी बाकी आहे. दिवाळीत भावंडं जमतील तेव्हा दिंडी दरवाज्यातून आत शिरून चौकात येईपर्यंतची २० सेकंदांची फिल्म दाखवायची इच्छा आहे.

कॉम्प्युटर मुलाने २०१९ मध्ये एका कंपनीतून निघालेला जुना घेऊन दिला: डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, उभं खोकं, आय५-४५९०, ८ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, विंडोज १०, ब्लेंडर ३.६. मॉनिटर त्याहून जुना, निळ्या पिनेचा. ओसरीचं एक चित्र रेंडर व्हायला, म्हणजे मॉडेलवरून पक्कं चित्र तयार व्हायला, ३ तास ४० मिनिटं लागली. आरएनटी मार्गावर एक दुकानदार म्हणाला, हे भंगारात द्या, ७५ हजारांत नवीन बसवून देतो. दुसरा म्हणाला, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलू आणि ३०५० आठ जीबी ग्राफिक्स कार्ड टाकू. अकरावीतला नातू म्हणतो, आजी, जुनं आरएक्स ५८० आठ जीबी कार्ड सहा हजारांत मिळतंय, घेऊन टाक, मलाही गेम खेळता येईल. माझ्याकडे २५ हजार आहेत. कुणाचं ऐकू?

— एक निवृत्त शिक्षिका, इंदूर

उत्तर:

बाई,

आधी 'ताई' लिहिलं होतं, ते खोडलं. चित्रकलेच्या बाईंना ताई म्हणायला जीभ वळेना.

तिघांचंही ऐकू नका. खोटं कुणीच बोललेलं नाही, पण तुम्ही त्या मशीनवर काय करता हे एकानेही विचारलेलं दिसत नाही. दुकानात जाऊन 'ग्राफिक्स कार्ड' म्हटलं की समोरचा माणूस गेम धरूनच बोलायला लागतो. पांढऱ्या केसांच्या बाई सागवानी खांब उभे करतायत, हे त्याच्या डोक्यात यावं तरी कसं? नातवाच्या डोक्यात तर गेमच आहे, आणि त्याने ते लपवलेलंही नाही. पोरगा प्रामाणिक आहे.

कार्डाकडे येतोच, पण त्याआधी फुकटातलं काम करून घ्या. २० सेकंदांची फिल्म म्हणजे सेकंदाला २४ चित्रं धरली तर ४८० चित्रं. एका चित्राला ३ तास ४० मिनिटं, तर ४८० चित्रांना १,७६० तास. मशीन एकदाही बंद न करता ७३ दिवस. त्यात वीज एकदा तरी जाणारच. हा आकडा कार्ड घेऊन कमी होईल, पण अर्ध्याहून जास्त रोग सेटिंगमध्येच असावा असा माझा दाट संशय आहे.

ब्लेंडरमध्ये रेंडरसाठी सायकल्स हे इंजिन निवडलं की सॅम्पल्सचा आकडा मुळातच ४,०९६ असतो आणि नॉइज थ्रेशोल्ड ०.०१. म्हणजे प्रत्येक ठिपक्यावर प्रकाशाचे किरण सोडत राहा, अगदी बारीक रवाळपणा जाईपर्यंत किंवा ४,०९६ होईपर्यंत. ओसरीसारख्या अर्ध्या अंधाऱ्या जागेत, जिथे उजेड चौकातून आडवा येतो, तिथे तो रवाळपणा जाता जात नाही आणि बिचारा प्रोसेसर रात्रभर किरण मोजत बसतो. सॅम्पल्स २५६ करा, थ्रेशोल्ड ०.१ करा, आणि खाली डिनॉइजच्या, म्हणजे उरलेला रवाळपणा पुसण्याच्या, चौकोनात खूण आहे ना ते पाहा. मग तीच ओसरी पुन्हा रेंडर करा. लाकडाच्या रेषा थोड्या पुसट झाल्या तर सॅम्पल्स ५१२ करा. तुमची नजर चित्रकाराची, कुठे थांबायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

दुसरं. फिल्मसाठी सायकल्स वापरूच नका. तीन-चार स्थिर चित्रं सायकल्सवर करा, जी फ्रेम करून भिंतीवर लावता येतील. चालत जाण्याची फिल्म ईव्हीवर, म्हणजे ब्लेंडरच्याच दुसऱ्या इंजिनवर, करा. ईव्ही किरण मोजत बसत नाही, गेमसारखी अंदाजाने सावल्या टाकते, म्हणून एक चित्र तासांऐवजी सेकंदांत किंवा फार तर मिनिट-दोन मिनिटांत होतं. चित्राला २ मिनिटं धरली तरी ४८० चित्रं १६ तासांत, म्हणजे दोन रात्रींत. फक्त ईव्ही पूर्णपणे ग्राफिक्सच्या जिवावर चालते, आणि तुमच्याकडे आज जे आहे ते प्रोसेसरच्या पोटातलं इंटेल एचडी ४६००. ते ऑफिसातल्या तक्त्यांसाठी होतं, तुमच्या वाड्यापुढे ते दमतं. कार्ड हवं ते इथे. तुमची गरज खरी आहे, नुसती हौस नाही.

आता नातवाचा आरएक्स ५८०. तुमच्या कामासाठी तो नकोच, आणि त्याचं कारण दुकानात सहसा कुणी सांगत नाही. एएमडीच्या या कार्डांवर सायकल्स पूर्वी ओपनसीएल नावाच्या मार्गाने चालत असे. डिसेंबर २०२१ मध्ये ब्लेंडर ३.० आलं तेव्हा तो मार्ग काढून टाकला गेला. त्याऐवजी एएमडीसाठी जो नवा मार्ग आला त्यात ५८०ची पिढी घेतलेलीच नाही. म्हणजे तुमच्या ३.६ मध्ये ५८० बसवलं तर सायकल्सला ते दिसणारच नाही. रेंडर पुन्हा आय५वरच, तेच ३ तास ४० मिनिटं, वर पंख्याचा आवाज. ईव्ही चालेल, गेम चालतील, पण सायकल्सची स्थिर चित्रं कार्डावर होणारच नाहीत. शिवाय ते कार्ड १८५ वॉट खातं आणि त्याला आठ पिनांची वेगळी वायर लागते, जी तुमच्या मशीनमध्ये नाही. आणखी एक. २०२२च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं खाणकाम, म्हणजे कार्डं रात्रंदिवस राबवून चलन कमावणं, बंद केलं आणि त्या कामाच्या शेडमधली कार्डं घाऊक भावात बाजारात उतरली. सहा हजारांतलं ५८० कुठे राबलं असेल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दुसऱ्या दुकानदाराची गोष्ट मात्र नीट सोडवून घ्यायला हवी, कारण तो बरोबर रस्त्यावरून चुकीच्या वळणाला लागलाय.

३०५० या एकाच नावाची दोन कार्डं आहेत. आठ जीबीचं २०२२च्या जानेवारीत आलं. ते १३० वॉट खातं आणि त्याला एसएमपीएसमधून येणारी जादा वायर लागते. सहा जीबीचं २०२४च्या फेब्रुवारीत आलं. ते ७० वॉटवर चालतं. मदरबोर्डचा लांब स्लॉट कार्डाला स्वतःच ७५ वॉटपर्यंत वीज देतो, त्यामुळे सहा जीबीवाल्याला वेगळी वायर लागतच नाही: खोचलं की झालं. दुकानात आठ हे सहापेक्षा मोठं म्हणून तेच पुढे करतात. ताकदीला ते थोडं वरचढ आहेही, पण तुमच्या खोक्यात ते बसवायचं म्हणजे एसएमपीएस बदलणं आलं, आणि खरी पंचाईत तिथेच आहे.

तुमच्या ऑप्टिप्लेक्सचा एसएमपीएस २९० वॉटचा आहे. बाजारात मिळणाऱ्या सगळ्या एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणारी मोठी वायर २४ पिनांची असते. डेलने या पिढीच्या बोर्डाला आपली स्वतःची ८ पिनांची दिली आहे. म्हणून दुकानदाराने ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस आणला तरी तो सरळ लागणार नाही, मध्ये एक जोडवायर घालावी लागेल. ती मिळते, चालतेही. पण साध्या कामासाठी एवढा खटाटोप का करायचा? हिशोब करून पाहा. आय५-४५९० जास्तीत जास्त ८४ वॉट, कार्ड ७०, बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून ढोबळ ४०. दोनशेच्या आतच आलं. २९० पुरेसे आहेत, आणि कंपनीच्या मशीनमधले हे छापील वॉट खरे असतात.

सगळेच छापील वॉट खरे नसतात, म्हणून ज्यांच्या घरी असेंबल केलेलं खोकं आहे त्या इतर वाचकांसाठी थोडं विषयांतर करतो. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० लिहिलेलं असतं. ते सोडून द्या आणि खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा. तिथे जे ॲम्पिअर लिहिलेत त्यांना १२ ने गुणा. १४ ॲम्पिअर असतील तर १६८ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड या दोघांचं पोट याच १२ व्होल्टवर भरतं, बाकीचे आकडे शोभेचे. हे मी शिकलो ते वास घेऊन शिकलो. माझ्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये '५००' छापलेला हलकासा एसएमपीएस होता. सहा पिनांचं कार्ड आणलं, वायर नव्हती म्हणून दुकानदाराने हार्डडिस्कच्या दोन वायरी जोडून सहा पिना करून दिल्या. तिसऱ्या दिवशी रात्री खोलीत जळक्या माशासारखा वास. कार्ड वाचलं, एसएमपीएस गेला आणि जाताना हार्डडिस्क सोबत घेऊन गेला. त्यात पुतण्याच्या मुंजीचे फोटो होते. वहिनी अजून काढते तो विषय.

तेव्हा बाई, तुमच्यासाठी आरटीएक्स ३०५० सहा जीबी. दुकानात खोकं उघडायला लावून कार्डाची वरची कड पाहा. तिथे पिनांची चौकोनी खाच असेल तर ते परत करा, मग त्याच्यावर काहीही लिहिलेलं असो. कड सपाट हवी. एका पंख्याचं, आखूड कार्ड मागा, १७ सेंटिमीटरच्या आसपासची मिळतात. जाण्याआधी घरी खोकं उघडून मागच्या पत्र्यापासून हार्डडिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत टेप लावून माप घ्या आणि कागदावर लिहून न्या. ब्लाउजच्या कापडाला जातो तसं अंदाजाने जाऊ नका.

तुम्ही 'उभं खोकं' लिहिलंय, तरी खात्री करून घ्या. ९०२० उभं आणि बारीक अशा वेगवेगळ्या आकारांत येत होतं. रुंदी साडेसतरा सेंटिमीटर असेल तर मी सांगतोय तेच. नऊ-साडेनऊ सेंटिमीटरचं बारीक खोकं उभं करून ठेवलेलं असेल तर एसएमपीएस २५५ वॉटचा आहे आणि कार्ड बुटकं, म्हणजे लो प्रोफाइल लागेल. सहा जीबीचं ३०५० तसंही मिळतं, फक्त शोधावं लागतं.

एवढ्या जुन्या मशीनमध्ये नवं कार्ड म्हणजे बैलगाडीला मोटारीचं इंजिन, असं तुम्हाला कुणीतरी नक्की सुनावेल. गेमच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. गेममध्ये प्रोसेसरने दर क्षणाला कार्डाला काम वाढायचं असतं. वाढपी चार हातांचा, म्हणजे चार कोर-चार थ्रेडचा असला की पंगतीतलं कार्ड रिकाम्या पानासमोर बसून राहतं. सायकल्सचं तसं नाही. तिथे सगळा वाडा एकदाच कार्डाच्या मेमरीत जाऊन बसतो, आणि त्यानंतर जे काही करायचं ते कार्ड एकटं करतं. प्रोसेसर २०१४चा आहे की कालचा, याने फार फरक पडत नाही. स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस ३.० आहे, कार्ड ४.०चं. ते जुन्या वेगाने बोलेल, इतकंच. त्यात आरटीएक्समध्ये किरणांचा हिशोब करणारे वेगळे भाग असतात. ब्लेंडरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टिममध्ये जाऊन ऑप्टिक्स निवडलं आणि रेंडरच्या पानावर डिव्हाइसपुढे जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, केलं की ते कामाला लागतात. ही दोन ठिकाणं आहेत. नुसतं पहिलं करून 'काही फरक पडला नाही' म्हणणारे लोक मी पाहिलेत.

मात्र 'सगळा वाडा कार्डाच्या मेमरीत' यातच मेख आहे. सहा जीबी पुरतील का?

लाकडाचा फोटो टेक्स्चर म्हणून लावता तेव्हा डिस्कवर ती फाइल चार-पाच एमबीची दिसते. पण रेंडर करताना ती पूर्ण उलगडते. ४०९६ बाय ४०९६चं एक चित्र उलगडून ६४ एमबी होतं. नेटवरून घेतलेल्या लाकडाच्या एका संचात रंग, खडबडीतपणा, उंचसखलपणा असे चार-चार नकाशे असतात, म्हणजे एका लाकडाचे २५६ एमबी. सागवान, शिसवी दरवाजा, कोबा, चुन्याची भिंत, शहाबादी फरशी, कौलं असे दहा प्रकार लावले की अडीच जीबी टेक्स्चरमध्येच गेले, वाडा अजून आलेलाच नाही. दूरच्या कौलांना ४,०९६ची गरज नसते. ती १,०२४ची केली की एका चित्राला ६४ ऐवजी ४ एमबी लागतात. दिंडी दरवाज्यावर आणि हाताशी येणाऱ्या खांबांवर मात्र कंजुषी नको. तुमचे वडील ज्या खांबाला टेकून बसत असतील तो जवळून दिसणार आहे.

आणि खांबांवरून आठवलं. चौकाभोवती किती खांब आहेत? एक खांब घडवून बाकीचे शिफ्ट आणि डी दाबून केले असतील तर ब्लेंडर प्रत्येक खांबाचं कोरीवकाम वेगळं साठवतं. आल्ट आणि डी दाबून केले तर सगळे खांब एकाच मूळ खांबाकडे बोट दाखवतात आणि मेमरी एकाचीच लागते. झालेलं कामही दुरुस्त होतं: सगळे खांब निवडा, मूळ खांब सर्वांत शेवटी निवडा, मग कंट्रोल आणि एल दाबून 'लिंक ऑब्जेक्ट डेटा'. यात फायदा दुहेरी आहे. मूळ खांबाच्या बोदल्यावर एक पाकळी वाढवलीत की सगळ्यांवर वाढते. रेंडर चालू असताना खिडकीच्या वरच्या पट्टीत 'पीक' म्हणून एक आकडा दिसतो, तो लिहून ठेवा. ओसरी, चौक, देवघर एकत्र धरून तो साडेचार-पाच हजार एमच्या (एमबीच्या) आत असेल तर सहा जीबीत निवांत बसाल.

म्हणूनच चार जीबीची स्वस्त कार्डं मी तुम्हाला सुचवत नाहीये. जीटीएक्स १६५०चीही बरीच मॉडेल्स वायरीशिवाय चालतात, ओळखीच्या माणसाकडून जुनं मिळालं तर वाईट नाही, पण त्यात किरणांचे वेगळे भाग नाहीत आणि मेमरी चारच. १०५० टीआय तर आता घेऊच नका, एनव्हिडियाने त्या पिढीची नियमित ड्रायव्हर अपडेट्स २०२५च्या ऑक्टोबरात थांबवली. जीटी ७३० आणि जीटी १०३० ही नावं ऐकवली तर नमस्कार करून बाहेर पडा. इंटेलची आर्क कार्डं नव्या मशीनवर चांगली चालतात, पण त्यांना बोर्डात रिसायझेबल बार नावाची सोय लागते, ती तुमच्या पिढीत नाही.

पैसे उरले की रॅम. १६ जीबी करा. कार्डात जाण्याआधी वाडा आधी रॅममध्येच उभा राहतो, आणि आठ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि ब्लेंडर यांची दाटी होते. रॅम डीडीआर३, डेस्कटॉपची लांब पट्टी. लॅपटॉपची आखूड असते, ती बसत नाही. जुनी पट्टी घ्यायला मी घाबरत नाही, रॅम सहसा म्हातारी होऊन मरत नाही. त्यानंतर २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. तिने रेंडर एका मिनिटानेही लवकर होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण मशीन चालू होणं आणि ब्लेंडर उघडणं इतकं सुधारतं की वीस रुपयांचा चहा घ्यायला बाहेर जायचं निमित्त संपतं. २५ हजारांत तिन्ही न बसली तर एसएसडी दिवाळीनंतर घ्या.

पहिल्या दुकानदाराचे ७५ हजार. तो अगदीच चुकीचा नाही, कारण एक गोष्ट खरी आहे: मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा चौथ्या पिढीचा. पण वाडा बांधायला विंडोज ११ लागत नाही. बँकेची कामं त्या मशीनवर करत असाल तर ती फोनवर हलवा, अनोळखी फाइली उघडू नका. पुढेमागे लिनक्स टाकलं तर ब्लेंडर त्यावर उत्तम चालतं. आणि आज घेतलेलं कार्ड उद्या नव्या मशीनमध्ये तसंच काढून लावता येतं, ते पैसे कुठे जात नाहीत. ब्लेंडरची आवृत्ती मात्र दिवाळीपर्यंत बदलू नका. ४.२ मध्ये ईव्ही नव्याने लिहिली गेली आहे. अर्धा वाडा जुन्या ईव्हीवर उजळवून झाल्यावर सगळे दिवे पुन्हा लावत बसाल.

नातवाचं काय? तो व्हॅलोरंट खेळत असेल तर त्याला सांगा की त्या गेमची किमान अट इंटेल एचडी ४००० आहे, आजीच्या मशीनमध्ये आज आहे त्याहून जुनं. म्हणजे गरीबीत का होईना, तो आजही खेळू शकतो. ३०५० आलं की मजेत खेळेल. त्याला आणखी मोठं कार्ड हवं असेल तर गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचं पान उघडून दाखवायला सांगा. सीपीयू शंभर टक्क्यांवर आणि जीपीयू पन्नाशीवर दिसला की मोठं कार्ड का नको ते त्याला स्वतःलाच कळेल. वेळापत्रक मात्र तुम्ही ठरवा: रात्री दहानंतर मशीन वाड्याचं.

मॉनिटर. निळी पिन म्हणजे व्हीजीए, आणि नव्या कार्डाला ती नसते. एचडीएमआय ते व्हीजीए असा छोटा कन्व्हर्टर जेल रोडवर कुठल्याही दुकानात काही शे रुपयांत मिळतो. डीव्हीआय ते व्हीजीए अशी नुसती साधी जोडणी घेऊ नका, या कार्डांवर ती चालत नाही. खरं तर चित्रकाराने त्या जुन्या मॉनिटरवर लाकडाचे रंग ठरवावेत हेच मला सोसत नाहीये, पण तो विषय पुढच्या बजेटचा.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी दुकानदार ओळख दाखवत नाही, नंबर दाखवावा लागतो.

बसवायला माणूस बोलवायची गरज नाही. वायर भिंतीतून काढा, मग चालू करायचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज उतरते. खोक्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आतली धूळ आधी काढा, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, गरगरू देऊ नका. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा याच धुळीमुळे मशीन बंद पडतं. बोर्डावर लांब स्लॉट दोन आहेत, दिसायला सारखे, पण त्यातला एक आतून चारच लेनचा, म्हणजे डेटा जायच्या चारच वाटांचा, आहे. डेलच्या साइटवर ९०२०चं मॅन्युअल फुकट मिळतं, त्यात कुठला पूर्ण १६चा ते चित्रासकट दाखवलंय. मागचे दोन पत्रे काढा, कार्ड सरळ वरून दाबा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी टक् करून बसली पाहिजे. टॉर्च धरायला नातवाला उभं करा, त्याचाही हक्क आहे त्यावर.

मग चालू करा, आणि पडदा काळा दिसला तर घाबरू नका. मॉनिटरची वायर कुठे लावलीय ते पाहा. ती जुन्या सवयीने वर, बोर्डाच्या निळ्या पिनेतच गेलेली असते. ती खाली, नव्या कार्डात यायला हवी. मी पहिल्यांदा कार्ड बसवलं तेव्हा तासभर काळा पडदा पाहत बसलो होतो, दुकानदाराला फोन लावून त्याच्या तोंडावर 'खराब माल दिलात' म्हणालो होतो. तो शांतपणे म्हणाला, "भिया, तार नीचे वाले में लगाओ."